शेजाऱ्याच्या स्किपमधलं कपाट उचललं, ही चोरी झाली का?

लेस्टरवाली
आमच्या गल्लीत तीन घरं सोडून एक आजोबा राहायचे, ते फेब्रुवारीत गेले. आता मुलगा आलाय, घर विकायचंय म्हणून दारासमोर स्किप आणून ठेवलाय. (इकडे इंग्लंडमध्ये नसलेल्यांसाठी: स्किप म्हणजे मोठा लोखंडी उघडा हौद, घर रिकामं करताना भाड्याने आणतात, भरला की कंपनीचा ट्रक येऊन उचलून नेतो.) तर दोन दिवस जातायेता बघत होते, त्यात एक चार खणांचं बुटकं कपाट, अस्सल ओक, पितळी कड्या, मागचा एक पाय तेवढा मोडलेला. तिसऱ्या दिवशी पावसाचा अंदाज होता, मला राहवेना, रात्री दहाला नवऱ्याला उठवलं आणि दोघांनी धरून घरी आणलं. आता तो म्हणतो ही चोरी आहे. माझं म्हणणं, टाकलं म्हणजे टाकलं, विचारायचं काय त्यात? मतं सांगा. "एवढी वेळ आली का" हे कृपया नको.

रिकामा डबा
मी इकडेच बांधकामात आहे, माझं मत सरळ आहे. स्किप भाड्याने घेणारा पैसे भरतो, तुम्ही कपाट काढलंत तर त्याची तेवढी जागा वाचली. आमचा खरा वैताग उलटे लोक. रात्रीतून गपचूप स्वतःची जुनी गादी आणून टाकतात. गाद्या, फ्रिज, टायर बऱ्याच कंपन्या घेतच नाहीत, घेतल्या तर वेगळे पैसे लावतात, आणि कडेच्या वर माल गेला की ड्रायव्हर स्किपला हात लावत नाही. एकदा सकाळी येऊन बघतो तर वर कुणाचं तरी ट्रॅम्पोलिन! तर काढणाऱ्यांना माझा नमस्कार. फक्त आत चढू नका, खाली खिळे काचा असतात, जुन्या घराचं असेल तर ॲस्बेस्टॉसचे पत्रेसुद्धा निघतात (इकडे पूर्ण बंदी 1999 मध्ये आली, त्याआधीच्या घरात काहीही असू शकतं). आणि तांब्याचे पाइप, शिसं याला हात लावायचा नाही, ते बिल्डरने भंगारात घालायला बाजूला ठेवलेलं असतं.

कायद्याचा किडा
डबासाहेब, नमस्कार ठीक, पण इंग्लंडमध्ये स्किपमधला माल बेवारस धरत नाहीत. उचलून नेईपर्यंत तो ज्याने टाकला त्याचा, नंतर कंपनीचा. 1957 च्या एका खटल्यात तर डस्टबिनमधल्या वस्तू स्वतःकडे ठेवणारे सफाई कामगारच दोषी ठरले होते. पण 1968 च्या चोरीच्या कायद्यात एक पळवाट म्हणा, शहाणपण म्हणा, आहे: मालकाला कळलं असतं तर तो हो म्हणाला असता असं तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर तो अप्रामाणिकपणा नाही. आता ताई, तुम्हीच सांगा, तसं वाटत होतं तर रात्रीचे दहा कशाला?

लेस्टरवाली
अहो उजेडात लाज वाटली म्हणून! समोर गुजराती कुटुंब राहतं, त्यांची आजी दिवसभर खिडकीत.

कायद्याचा किडा
म्हणजे आजीला उत्तर द्यायची तयारी नव्हती.

वीतभर
+१ किडा. आणि कायदा राहू दे बाजूला, आजोबा जाऊन चार महिने नाही झाले. त्या मुलाने ते कपाट टाकताना काय वाटलं असेल माहितीये का? माझ्या आईचं शिवणाचं मशीन मी भंगारवाल्याला दिलं, तो घेऊन जिन्यावरून उतरला आणि मी आत जाऊन दार लावून घेतलं. तेच मशीन दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या गॅलरीत दिसलं असतं तर मी वेडी झाले असते. टाकलेली वस्तू डोळ्यासमोरून जायला हवी असते कधीकधी. विचारायला दोन मिनिटं लागतात.

लेस्टरवाली
हे मला सुचलं नव्हतं.

सिंहगड रोड
आमच्याकडे पुण्यात प्रश्नच वेगळा. इथे फुकट टाकलेलं असं काही नसतंच, जिन्याखाली ठेवलेल्या मोडक्या खुर्चीवरसुद्धा कुणाचा तरी हक्क असतो. आधी वॉचमन, मग कचरा घ्यायला येणाऱ्या ताई. आमच्याकडे 'स्वच्छ'च्या ताई येतात, कचरावेचकांची सहकारी संस्था आहे ती, सुका कचरा विकून येणारे पैसे हा त्यांच्या कमाईचा भाग. सोसायटीतल्या एका काकांनी ताईंसाठी ठेवलेला पितळी दिवा वरच्या वर उचलला आणि घासूनपुसून दिवाळीत दारात लावला! ताईंनी ओळखला. काही बोलल्या नाहीत, पण मला अजून तो दिवा बघवत नाही. सांगायचं काय, "मी नेलं नाही तर वायाच जाणार" हे आधी तपासून बघा.

रिकामा डबा
पुण्याचं पटलं. पण इकडे स्किपमागे कुणी ताई उभ्या नसतात हो. मागच्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीचं अख्खं मखर एका स्किपमधल्या प्लायवूडचं होतं. विचारलं होतं का? विचारलं होतं. तो गोरा आरतीला आला आणि चार मोदक खाऊन गेला.

हॅम्बुर्गचा हणमंत
आमच्या जर्मनीत मोठं सामान न्यायचा दिवस ठरलेला असतो, त्याआधी ते रस्त्यावर काढून ठेवतात, आदल्या संध्याकाळी लोक फिरून हवं ते उचलतात, कुणी काही म्हणत नाही. पण सुपरमार्केटच्या कुलूपबंद डब्यातून खाणं काढलं म्हणून म्युनिकजवळ दोन विद्यार्थिनींवर चोरीचा गुन्हा सिद्ध झाला आणि 2020 मध्ये घटनात्मक न्यायालयानेसुद्धा तो कायम ठेवला. खुर्ची चालते, दही चालत नाही. मला आजवर तर्क कळलेला नाही.

साठीशांती
सगळं ठीक आहे पण गेलेल्या माणसाचं सामान घरात आणायचं म्हणजे... निदान मिठाच्या पाण्याने पुसून घे गं. आणि ढेकूण बघ, फटीत लपतात.

लेस्टरवाली
अपडेट. काकू, पुसायला म्हणून आज खण बाहेर काढले तर सगळ्यात खालच्या खणाच्या मागे एक पाकीट अडकलेलं. सहा फोटो. आजोबा तरुण, मोटरसायकलवर, मागे एक बाई डोक्याला रुमाल बांधून हसतीये. आता काय करणार, गेले पाकीट घेऊन, जाताना काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं, दार उघडल्यावर सगळं विसरले आणि सरळ म्हटलं, परवा रात्री तुमचं कपाट आम्ही नेलं, न विचारता, सॉरी. तो फोटोच बघत उभा, ऐकलं की नाही कळेना. मग म्हणाला, एक पाय मोडलाय ना त्याचा? आणि चपला घातल्या, स्किपमध्ये चढला (डबासाहेब, मी नको म्हणत होते), फळ्या बाजूला करून करून तो पाय शोधून दिला. खिडकीतल्या आजींनी सगळं बघितलं.

वीतभर
नशीब चांगलं तुझं. दुसरा कुणी असता तर दारातच आवाज चढला असता. माझं मत तेच, आधी विचारायचं.

लेस्टरवाली
हो बाई, मान्य. नवरा सकाळपासून शीळ घालत फिरतोय.

रिकामा डबा
पाय नुसता चिकटवू नका, आत लाकडी खुंटी घालायला लागेल. फोटो टाका, साइज सांगतो.