मदत हवी आहे: स्वित्झर्लंड-कोसोवो, यात देणारा नक्की कोण?

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कोसोवोवर लेख देते म्हणाले आणि आता अडकलेय. मी झुरिकजवळ राहते, इथे पावलोपावली कोसोवोची माणसं भेटतात, म्हणून वाटलं सोपं जाईल.

हाताशी आहे ते असं. कोसोवोने 17 फेब्रुवारी 2008 ला सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि स्विस सरकारने 27 तारखेला मान्यताही दिली. दहा दिवसांत! (आमच्या इमारतीत सायकल स्टँडचा निर्णय व्हायला दोन वर्षं लागली.) परराष्ट्रमंत्री मिशेलीन काल्मी-रे 2005 पासूनच कोसोवोच्या स्वातंत्र्याची बाजू मांडत होत्या. 1999 पासून नाटोच्या शांतिसेनेत स्विस तुकडी आहे, शिवाय पाणीपुरवठा, नगरपालिकांचा कारभार यांसाठी पैसा जातो. भारताची मान्यता नाही, तेही एका ओळीत येईल.

हे सगळं खालच्या मजल्यावरच्या, मूळ कोसोवोच्या आजोबांना सांगितलं. ते बाल्कनीत भाजलेल्या लाल मिरच्यांची सालं काढत बसले होते, मान वर न करता हसले. ऐंशीच्या दशकात ते हंगामी परवान्यावर बांधकामावर आले. नऊ महिने काम, मग परत गावी, आणि बायकामुलांना आणायला बंदी. गावातलं घर त्याच पैशातून उभं राहिलं. आजही उन्हाळ्यात गच्च भरलेली गाडी घेऊन जातात, गावात त्यांना 'शात्सी' (जर्मनमधलं 'लाडक्या') म्हणून चिडवतात. आपले चाकरमानीच की!

वर पेन्शनचा गुंता. एप्रिल 2010 पासून स्वित्झर्लंडने युगोस्लाव्हियाशी (कोसोवो आधी त्याच देशात होतं) केलेला जुना सामाजिक सुरक्षा करार कोसोवोला लावणं थांबवलं. त्यानंतर निवृत्त होऊन गावी परतणाऱ्याला तिकडे पेन्शन मिळेना. नवा करार लागू झाला सप्टेंबर 2019 मध्ये. मदत एका खिशातून चालू, दुसरा खिसा शिवलेला, असं मला तरी दिसतं. चुकत असेन तर सांगा.

तर विचारायचंय:

करार थांबवण्यामागे विम्यातल्या गैरप्रकारांच्या तपासाचं कारण होतं असं वाचलंय. इथल्या पेन्शन-विम्यात काम करणारं कुणी आहे का, जे नीट समजावेल?

आजोबांसारख्या हंगामी परवान्यावरच्या कामगाराला मराठीत काय म्हणू? 'ऊसतोड कामगार' डोक्यात येतं, पण ते बिऱ्हाडासकट जातात. इथे नेमकं बिऱ्हाडच वर्ज्य.

आणि कोसोवो की कोसोव्हो? आजोबा 'कोसोवा' म्हणतात.

मजकूर 20 तारखेपर्यंत द्यायचाय.