मंडईला मेट्रो आली, आता तरी गाड्या बाहेर ठेवायच्या का?

पायी_पुणेकर
विषय जुनाच आहे पण रविवारी परत डोकं फिरलं म्हणून लिहितोय. पिंपरीहून मेट्रोने मंडईला उतरलो, प्रवास एकदम मस्त, आणि वर आल्यावर पन्नास पावलांत दोन दुचाक्या अंगावर, एक रिक्षा उलटी घुसलेली आणि फुटपाथवर हँगरला लटकलेले कुर्ते. २९ सप्टेंबर २०२४ ला सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट टप्पा सुरू झाला, मुठेच्या पात्राखालून गाडी आणून थेट बाजाराच्या पोटात सोडली आपण. मग मंडई, तुळशीबाग आणि लक्ष्मी रोडचा दुकानांचा भाग, एवढ्यात दिवसभर खासगी गाड्या बंद करा ना. ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रोडवर करतातच की.

वाड्यातला
खरेदीला येणाऱ्याला सोपंय हो बोलायला. आम्ही इथे राहतो. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला दाखवायला न्यायचं तर रिक्षा दारात लागते. दर वेळी कुणीतरी बाहेरून येतं, दोन तास फिरतं आणि आमची गल्ली बंद करा म्हणून सांगून घरी जातं.

गल्ला_सांभाळणारा
+१. आणि पादचारी दिनाचं कौतुक मला सांगू नका. लोक येतात, फोटो काढतात, मुलं रस्त्यावर खेळतात, छान वाटतं, पण लग्नाचा बस्ता बांधायला त्या दिवशी कोण येतं? बस्ता म्हणजे दोन आज्या, एक मावशी, सात पिशव्या. त्यांना तुम्ही मेट्रोत बसवून दाखवा.

पायी_पुणेकर
बस्तावाले आत्ता तरी तुमच्या दारात गाडी लावतात का? चार चकरा मारतात आणि शेवटी मिनर्व्हा नाहीतर आर्यनच्या पार्किंगलाच जातात. तिथून पिशव्या धरून चालतच येतात, फक्त गाड्यांच्या मधून.

जुनी_पेठ
आर्यनचं नाव निघालं म्हणून. तिथे टॉकीज होतं हे निम्म्या लोकांना माहीत नसेल, आता नाव पार्किंगला उरलंय. आणि भांडणाचं म्हणाल तर मंडईची इमारत १८८६ ची, रे मार्केट म्हणायचे, तिच्यावरूनही नगरपालिकेत वाद झालाच होता. महात्मा फुले तेव्हा सदस्य होते, त्यांचा या खर्चाला विरोध, हा पैसा शिक्षणावर घाला म्हणून. आज इमारतीला नाव त्यांचंच. तेव्हा विरोध करणाऱ्यांनो जपून, उद्या स्टेशनला तुमचं नाव लागेल.

वाड्यातला
हाहा. लागू दे, निदान स्टेशनवाले मग आमच्या गल्लीत रिक्षा तरी सोडतील.

कात्रजकर
सगळे पिंपरीहून येत नाहीत हो. कात्रजच्या लाइनीचं भूमिपूजन स्वारगेटचा टप्पा सुरू झाला त्याच दिवशी झालं पण मेट्रो अजून स्वारगेटलाच संपते. मी पीएमपीच्या बसने स्वारगेटला यायचं, खाली जायचं, बॅग तपासून घ्यायची, एकच स्टेशन जायचं आणि परत जिने वर. त्यापेक्षा स्वारगेटहून चालत येईन, किंवा खरं सांगायचं तर स्कूटर काढीन.

भाजी_फक्त_मंडईची
कात्रजकरांचं पटलं पण मी आठवड्याची भाजी मेट्रोनेच नेते. मागच्या उन्हाळ्यात अख्खा फणस नेला. स्कॅनरच्या पट्ट्यावर ठेवला तर गार्डने आधी फणसाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच विचारलं, कापा आहे की बरका. डब्यात मात्र वासाने सगळे माना वळवून बघत होते. गाड्या बंद कराच, पण पाट्या घेऊन बसणाऱ्या बायकांना त्या नावाखाली उठवू नका, प्लीज. रस्ता मोकळा करायचा म्हटलं की आधी त्यांच्यावरच येतं.

गल्ला_सांभाळणारा
मालाचं काय? गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून टेम्पो येतात ते काय मेट्रोने येणार?

पायी_पुणेकर
भाजीचा माल पहाटेच उतरतो, तेव्हा कुणी अडवत नाही. तुमच्या कापडाच्या गाठींनाही सकाळची वेळ ठरवून द्या. रहिवाशांना पास, रिक्षा आणि ॲम्ब्युलन्स कधीही. मी फक्त खरेदीला येणाऱ्यांच्या गाड्यांबद्दल बोलतोय, माझीही त्यात आली.

वाड्यातला
पास देणार असाल आणि तो बघायला चौकात माणूस कायम उभा राहणार असेल तर माझी हरकत नाही. पण तो चहाला गेला की काय होतं ते वन-वेला रोज बघतोय मी खिडकीतून.

पायी_पुणेकर
चहा मी जागेवर आणून देतो त्याला.

वाड्यातला
गाडीवरून आणू नका म्हणजे झालं.