मदत हवी आहे: वॉशिंग मशीनमध्ये फेसच फेस, पाणी बाहेर जात नाही, स्पिन होत नाही

नमस्कार मंडळी,

सात किलोचं फ्रंट लोड मशीन आहे, चार वर्षं झाली, आजवर कधी कुरकुर केली नाही. गेल्या दोन आठवड्यांपासून मात्र छळ मांडलाय. धुणं सुरू झालं की वीसेक मिनिटांत काचेचा अर्ध्याहून जास्त भाग पांढरा दिसायला लागतो, आतले कपडे दिसतच नाहीत, आणि परवा तर पावडरच्या खणातून फेस बाहेर येऊन खाली ओघळत होता. शेवटी १८ मिनिटं उरली की आकडा तिथेच अडकतो, पंप घूं करून चालतो, थांबतो, परत चालतो, मध्येच मशीन आपल्या मनाने आणखी पाणी घेतं, ड्रम दोनचार गिरक्या मारतो आणि स्पिन न करताच गप्प बसतो. कपडे निथळत बाहेर काढायचे आणि हाताने पिळायचे, त्यापेक्षा बादलीत धुतलेले काय वाईट. एक टेक्निशियन येऊन गेला, त्याने पाच मिनिटं आवाज ऐकला आणि पंप गेलाय, बदलावा लागेल म्हणाला, काहीही न उघडता! मला ते पटत नाहीये कारण पाणी अगदीच जात नाही असं नाही, थोडं थोडं जातं. पंप बदलायच्या आधी घरी काय काय बघता येईल? मला स्क्रू फिरवण्यापलीकडे काही येत नाही हे लक्षात घेऊन सांगा.

घरकोंबडा: सेम टू सेम. वाचतोय.

स्क्रूड्रायव्हर: पंपाला लगेच दोष देऊ नका. आधी दोन प्रश्न. पावडर कुठली टाकता, हाताने धुवायची की फ्रंट लोडची? आणि हे सुरू व्हायच्या आधी मशीन जागेवरून हलवलं होतं का?

फेस म्हणजे बहुतांश हवा. पंपाचा पंखा पाणी ढकलण्यासाठी असतो, फेसात तो नुसताच फिरतो, पाणी पुढे सरकत नाही. दुसरं म्हणजे टबच्या तळाकडून एक बारीक नळी वर सेन्सरकडे जाते, तिच्यातल्या हवेच्या दाबावरून आत पाणी किती आहे ते मशीनला कळतं. फेस झाला की तो अंदाज चुकतो, मशीनला वाटतं अजून पाणी आहे, मग ते स्पिनच करत नाही. आणि जे स्वतःहून जास्तीचं पाणी घेतंय ना, ते फेस मारायलाच घेतंय, बिघाड नाही तो. म्हणजे तुमचं मशीन शहाण्यासारखं वागतंय पण त्याचा इलाज चालत नाहीये.

उंटावरचा: फ्रंट लोड घेतलंत तिथेच चुकलं. टॉप लोडला असली नाटकं नसतात.

निळीशाई: @उंटावरचा, असतात हो, फक्त पाणी जास्त असतं म्हणून उशिरा कळतात.

धागाकर्ता: पावडरचं खरं सांगतो. नेहमीची संपली होती म्हणून बादलीत भिजवायची आणली, साबण तो साबण म्हटलं. पण टाकतो अर्धाच चमचा, एवढ्याशा पावडरने इतका फेस होईल असं वाटलं नव्हतं. आणि हो, मागची भिंत पुसायला मशीन ओढलं होतं आणि परत ढकललं होतं. तेव्हापासूनच असेल का?

स्क्रूड्रायव्हर: मग तुमच्याकडे बहुतेक एकावर एक दोन भानगडी आहेत. हाताने धुवायच्या पावडरीत फेस मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, फ्रंट लोडच्या पावडरीत तो दाबणारे घटक असतात कारण तिथे पाणी कमी आणि आपटणं जास्त. त्यात तुमचं पाणी मऊ असेल तर अर्धा चमचाही भारी.

आता क्रमाने करा. फेसाने भरलेलं मशीन बंद करून रात्रभर तसंच सोडा, फेस बसून त्याचं पाणी होतं. सकाळी फक्त ड्रेन लावा. भसाभसा गेलं तर पंप ठीक आणि गुन्हेगार फेस. बारीक धार आली तर मागचा पाइप बघा, चेंगरलाय का, आणि भिंतीतल्या भोकात फार आत तर नाही ना गेला. बहुतेक मॅन्युअलमध्ये त्याचं टोक जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर ठेवायला सांगतात. मग तो पाइप काढून बादलीत धरून ड्रेन लावा. बादलीत जोरात आलं तर अडथळा भिंतीतल्या पाइपात, तिथेही हळू आलं तर मशीनच्या आत, म्हणजे पंपापाशी कचरा अडवणारा फिल्टर.

निळीशाई: फिल्टर उघडायच्या आधी प्लग काढा!! आणि गरम पाण्याचं धुणं झालं असेल तर गार होऊ द्या. मी एकदा झाकण गर्रकन फिरवलं आणि अख्खा टब पायावर घेतला. काही मशीनना फिल्टरशेजारी छोटी रबरी नळी असते, तिचं बूच काढून आधी त्यातून पसरट भांड्यात पाणी काढायचं, खाली जुनी चादर घालायची.

धागाकर्ता: अपडेट. पाइप दोन ठिकाणी चेंगरला होता, मशीन भिंतीला अगदी चिकटवलं होतं मी. सरळ केला, थोडा फरक पडला पण बादलीतही धार बारीकच. मग फिल्टर. सहा वेळा भांडं भरलं. आतून निघालं ते असं: एक केसांची पिन, दोन बटणं, लोकरीसारखा गोळा, आणि करड्या रंगाचा बुळबुळीत चिखल, वास विचारू नका. चार वर्षांत एकदाही उघडला नव्हता, मला माहीतच नव्हतं तिथे काही उघडतं म्हणून. आता ड्रेनला पाणी धो धो जातंय! पण आतला पंखा बोटाने फिरवला तर सलग फिरत नाही, अडकत अडकत, टप्प्याटप्प्याने फिरतो. गेला का तो?

स्क्रूड्रायव्हर: नाही नाही. आत चुंबक असतं, त्यामुळे तो तसाच झटके देत फिरतो. अजिबात हललाच नाही किंवा ढिला होऊन भिरभिरला तर काळजी करा. आता कपडे न घालता, पावडर न टाकता, ६० डिग्रीवर एक धुणं लावा.

घरकोंबडा: फेस लगेच मारायचा असेल तर खणात थोडं व्हिनेगर टाका, माझ्याकडे चाललं.

स्क्रूड्रायव्हर: अडीअडचणीला ठीक, पण दर वेळी नको, रबराला बरं नाही. आणि ब्लीचबरोबर तर चुकूनही नको, विषारी वायू होतो.

धागाकर्ता: रिकामं धुणं लावलं, पावडरचा कण नाही, तरी फेस! कमी होता पण होता. दुसऱ्यांदा लावलं, अगदी थोडा. मग नुसते टॉवेल घातले, परत पावडर न टाकता, तर काच पुन्हा पांढरी. म्हणजे साबण कपड्यांतच मुरलाय.

आणि आता खरी गंमत ऐका. हे सगळं चालू असताना बाबा मागे उभे होते, म्हणाले, अरे साबण टाकला नाहीस का, थांब मी टाकतो. विचारलं तर कळलं की हल्ली कपडे नीट निघत नाहीत, कडक होतात, म्हणून गेले कित्येक दिवस मी मशीन लावून वळलो की बाबा वरून एक मूठ टाकतात. मूठ! आणि मी इथे अर्धा चमचा अर्धा चमचा करत बसलोय.

निळीशाई: 😂😂 बाबा रॉक्स. पण त्यांचंही चूक नाही, फेसात कपडे तरंगतात, एकमेकांवर घासले जात नाहीत, मळ निघत नाही. त्यात साबण खळबळून जात नाही म्हणून कपडे कडक. मग माणूस म्हणणारच, अजून साबण हवा.

स्क्रूड्रायव्हर: मूठ टाकली तर कुठलंही मशीन बसणारच. टॉवेल एका वेळी तीनचारच घाला आणि फेस दिसायचा थांबेपर्यंत पावडरीशिवाय एक्स्ट्रा रिन्सवर फिरवत राहा. टॉवेल फार धरून ठेवतात, तीनचार वेळा तरी लागेल. बाकी कपड्यांना एकदोनदा पुरतं.

धागाकर्ता: टॉवेल चौथ्या फेरीत स्वच्छ झाले. आज पूर्ण धुणं लावलं, फ्रंट लोडची पावडर, मोजून. १८ वर अडकलं नाही, स्पिन झालं, कपडे जवळजवळ कोरडे बाहेर आले. टेक्निशियनला फोन करून येऊ नका सांगितलं. बाबांना विचारलं कसं वाटतंय, तर म्हणाले फेसच दिसत नाही, धुतलंय कशावरून?

ती बादलीची दोन किलो पावडर शिल्लक आहे, तिचं काय करू?

उंटावरचा: बाबांना नका देऊ.