मदत हवी आहे: आईला वास येत नाही, सोलापूरच्या घरात गॅस गळतीचा अलार्म कोणता घेऊ आणि कुठे बसवू?

नमस्कार मंडळी,

गॅस गळती झाल्यावर वाजणारा आणि फोनवर निरोप पाठवणारा वायफायवाला अलार्म कोणी घरी बसवला आहे का? सोलापुरात बसवला असेल तर फारच बरं. जरा सविस्तर लिहिते, कारण घराची रचना सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

माझी आई ६८ वर्षांची आहे. साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घरात एकटी राहते, मी पुण्यात नोकरीला. दीड वर्षापूर्वी जोराची सर्दी झाली आणि तेव्हापासून तिचा वास गेला तो गेलाच. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दोनदा दाखवलं. परत येईलच असं सांगता येत नाही म्हणाले. बाकी ती ठणठणीत आहे, कान चांगले आहेत, सगळं स्वतः करते. फक्त शेंगा करपायला लागल्या की कळत नाही, म्हणून चटणीच्या शेंगा आता शेजारच्या अक्का भाजून देतात आणि आई कुटते.

श्रावणात एका सोमवारी तिने दूध तापत ठेवलं आणि पुढच्या खोलीत पोथी वाचायला बसली. दूध उतू गेलं, बर्नर विझला, बटण चालूच. अक्का त्यांच्या दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. त्यांना वास आला, त्या सूप टाकून धावत आल्या, बटण बंद केलं, दारं उघडली. आमचं देवघर स्वयंपाकघरातच आहे, जमिनीलगत चौरंगावर. समई त्या दिवशी तेल संपून आधीच शांत झाली होती. आई हे सांगताना अगदी सहज सांगत होती. मला त्या रात्री झोप लागली नाही.

सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती नाकाला कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळतात. म्हणजे घराघरातली ही सगळी सोय नाकाच्या भरवशावर आहे, आणि माझ्या आईसाठी ती सोयच उरलेली नाही.

आता स्वयंपाकघर. साधारण दहा बाय आठ. एका भिंतीला ओटा, ओट्याखाली सिलिंडर. समोरच्या कोपऱ्यात मोरी. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे मोरीशेजारी पिंप आणि घागरी भरलेल्या असतात. खिडकी एकच, ओट्याच्या वर. विजेचा बोर्ड एकच, तोही ओट्याच्या वर, मिक्सरसाठी केलेला. पाइपचा गॅस आमच्याकडे नाही, १४.२ किलोचा सिलिंडरच आहे.

ऑनलाइन दिसणारे बहुतेक अलार्म थेट सॉकेटमध्ये खुपसायचे आहेत. पण एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, दोन्ही हवेपेक्षा जड. प्रोपेन हवेच्या साधारण दीडपट, ब्युटेन दुप्पट. गॅस सुटला तर तो जमिनीलगत साचणार आणि माझा अलार्म ओट्याच्या वर चार फुटांवर बसलेला असणार. एका विक्रेत्याच्या माहितीत तर ‘छतापासून एक फूट खाली लावा’ असं लिहिलंय. ते पाइपच्या गॅससाठी बरोबर आहे, कारण तो मिथेन असतो आणि हवेपेक्षा हलका असतो. त्याच पानावर वर मात्र ‘एलपीजीसाठी उत्तम’! अशा ठिकाणी विश्वास कसा ठेवायचा?

माझे प्रश्न:

सॉकेट वर आणि गॅस खाली, हे कसं जमवायचं? ओट्याखाली नवा बोर्ड काढून घेऊ का?

फोडणी, उदबत्ती, मिरच्यांचा ठसका यांनी तो सारखा वाजेल का? आई दोनदा दचकली की तिसऱ्यांदा प्लग काढून ठेवील, हे मला पक्कं माहीत आहे.

लाइट गेली की काय? उन्हाळ्यात आमच्याकडे पारा त्रेचाळीसच्या वर जातो आणि लाइटही नेमकी तेव्हाच जाते.

गळती कळताच गॅस आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह बसवावा का? आणि निरोप आल्यावर एक्झॉस्ट फॅन आपोआप चालू होईल अशी सोय करता येते म्हणतात, ती घेऊ का?

पाच हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. गरज असेल तर जास्तही करीन.

प्रतिसाद १

ताई, मी वायरिंगची कामं करतो, सोलापुरातच. आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगतो कारण ते जिवाशी आहे. एक्झॉस्ट फॅन आपोआप चालू करायची सोय अजिबात घेऊ नका. गॅस साचलेल्या खोलीत कुठलंही बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, दोन्ही वेळा ठिणगी पडते. पंख्याच्या मोटरमध्ये पडू शकते, त्या सोयीसाठी लावतात त्या स्मार्ट प्लगच्या आतल्या रिलेमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या बटणातही पडते. फोनवरून चालू केलं म्हणून ठिणगी टळत नाही.

त्याच कारणासाठी ओट्याखाली सिलिंडरजवळ नवा बोर्ड काढू नका. सॉकेटमध्ये खुपसायचा अलार्म घेऊच नका. वायरवाला मिळतो, त्याचा अडॅप्टर वर मिक्सरच्या बोर्डात लावायचा आणि वायर पट्टीतून भिंतीवरून खाली आणायची. डबी जमिनीपासून साधारण एक फूट उंच, सिलिंडरपासून तीन-चार फुटांवर. अगदी सिलिंडरला चिकटून नको आणि ओट्याखालच्या बंद कप्प्यातही नको. मोरीचं पाणी उडेल अशा बाजूला नको. तुमच्या वर्णनावरून ओट्याची देवघराकडची बाजू बरी वाटते.

सेन्सर आत गरम असतो म्हणून लोक घाबरतात. त्याच्यावर स्टीलची बारीक जाळी असते, ती त्यासाठीच. आणि बोर्डात अडॅप्टर लावल्यावर त्या बटणावर चिकटपट्टी मारून ठेवा, नाहीतर मिक्सर लावताना कोणीतरी काढणारच.

प्रतिसाद २

आमच्याकडे जुळे सोलापूरला तीन वर्षांपासून आहे. अनुभव सांगते.

पहिल्या आठवड्यात चार वेळा वाजला. दोनदा सॅनिटायझरमुळे, एकदा केसांच्या स्प्रेने, एकदा धूप अगदी जवळ लावला म्हणून. स्वस्त अलार्ममधला सेन्सर बहुधा सेमीकंडक्टर जातीचा असतो, त्याला अल्कोहोलची वाफही गॅससारखीच वाटते. फोडणीने मात्र आमचा कधी वाजला नाही, कारण तो खाली आहे आणि फोडणीची वाफ वर जाते. नवीन लावल्यावर एक-दोन दिवस सेन्सर नीट तापून स्थिरावू द्या, त्याआधीच्या वाजण्यावरून मत बनवू नका. उदबत्ती देवघरातच लावत असाल तर डबी आणि देवघर यांत अंतर ठेवा.

खोक्यावर तीन गोष्टी बघा. एलपीजीसाठी आहे असं स्पष्ट लिहिलेलं असावं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा आणि धुराचा वेगळा. दोन्हींना सिलिंडरचा गॅस कळत नाही, पण दुकानदार ‘सगळं एकच’ म्हणून देतात. घरगुती गॅस अलार्मचं युरोपचं मानक ईएन ५०१९४ आहे, त्याचा उल्लेख आणि तपासणीचा दाखला दोन्ही असतील तर उत्तम. आणि किती पातळीला वाजतो ते. हवेत साधारण दोन टक्के एलपीजी झाला की तो पेट घेऊ शकतो. त्या पातळीच्या पाचव्या हिश्श्याच्या आत, म्हणजे ०.४ टक्के होण्याआधीच, अलार्म वाजला पाहिजे. खोक्यावर हे ‘२० टक्के एलईएल’ किंवा ‘१० टक्के एलईएल’ असं लिहिलेलं सापडेल. एलईएल म्हणजे गॅस पेट घेऊ शकतो ती किमान पातळी.

सेन्सर जन्मभर चालत नाही. साधारण पाच वर्षांनी बदलायचा असतो, नेमकी मुदत माहितीपत्रकात बघा आणि बसवल्याची तारीख मागे पेनाने लिहून ठेवा. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा. लायटरचा गॅस सोडून तपासत बसू नका, एकदम जास्त गॅस लागला तर सेन्सर बिघडतो.

लाइट गेली की मात्र आमचाही बंद पडतो. सेन्सर सतत गरम ठेवावा लागतो, त्यामुळे पेन्सिल सेलवर हे फार टिकत नाही. आम्ही राउटरच्या छोट्या यूपीएसवरच तो घेतलाय, व्होल्टेज जुळतं का ते बघून. लाइट आल्यावर तापायला काही मिनिटं लागतात तीही वाचली. वायफाय २.४ गिगाहर्ट्झवरच जोडलं जातं, तेवढं राउटरमध्ये बघा.

प्रतिसाद ३

अहो ताई, सगळे अलार्मचं सांगताहेत, बरोबरच आहे. पण तुमच्या आईंच्या बाबतीत जे झालं ते पाइप किंवा रेग्युलेटर गळून झालेलं नाही, ज्योत विझून झालंय. त्याला औषध शेगडीतच आहे की ओ. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणाऱ्या शेगड्या मिळतात. बर्नरशेजारी एक बारीक दांडी असते, ती ज्योतीने तापलेली असेतो व्हॉल्व्ह उघडा राहतो, गार झाली की काही सेकंदांत बंद. वीज लागत नाही, वायफाय लागत नाही. दुकानात ‘फ्लेम फेल्युअर’ म्हणून विचारा आणि सगळ्या बर्नरना आहे का ते बघून घ्या. वापरताना बटण दाबून थोडा वेळ धरावं लागतं, तेवढं आईंना दाखवा.

आपोआप बंद होणाऱ्या व्हॉल्व्हबद्दल: रेग्युलेटर आणि शेगडी यांच्यामध्ये बाहेरून आणलेला काहीही जोड घालायचा नाही. प्रत्येक नवा जोड म्हणजे गळायची एक नवी जागा. एजन्सीच्या मेकॅनिकला विचारल्याशिवाय हात लावू नका. त्याला बोलावणारच असाल तर पाइप बघायला सांगा. तारेची जाळी असलेला सुरक्षा पाइप हवा, दीड मीटरपेक्षा लांब नको, पाच वर्षांनी बदलायचा. त्याच्यावर साल छापलेलं असतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला व्हिडिओ कॉलवर पाइप दाखवायला सांगितला. छापलेलं साल २०१६ आहे. मी दर दिवाळीला त्या घरात स्वयंपाक करते आणि कधी खाली वाकून बघितलं नाही.

शेगडीचं पटलं, तीच आधी घेते. मेकॅनिकला पाइप बदलायला बोलावलंय. व्हॉल्व्हचा विचार सोडला, फॅनचा तर सोडलाच. वायरवाला अलार्म बघते, एलपीजीचा.

एक गोष्ट मात्र तुमचं वाचताना लक्षात आली आणि ती मला आधी सुचली नव्हती याची भीती वाटली. माझ्या डोक्यात चित्र असं होतं की पुण्यात माझा फोन वाजणार आणि मी लगेच आईला फोन करणार. पण आईचा मोबाइल ओट्यावरच असतो! गॅस साचला असताना मी तो वाजवणार आणि ती तो घ्यायला आत जाणार. म्हणजे मीच तिला गॅसमध्ये पाठवणार. शिवाय मी मीटिंगमध्ये असले, फोन मूक केलेला असला, तर अॅपचा निरोप तसाच पडून राहील. पुणे ते सोलापूर अडीचशे किलोमीटर आहे.

म्हणून ठरवलंय की अॅप अक्कांच्या मुलाच्या फोनवरही घालायचं. तो घरातच शिवणकाम करतो, दिवसभर असतो. अॅपमध्ये दुसऱ्याला जोडून घ्यायची सोय आहे. मला निरोप आला तर मी त्याला फोन करीन, आईला नाही. त्याने बेल वाजवायची नाही, दार ठोठावायचं आणि हाक मारायची. बेलचं बटणही बटणच. आईला एवढंच सांगितलंय की तो वाजला की काही शोधायचं नाही, दिवा किंवा पंख्याला हात लावायचा नाही. शेजारीच उभी असलीस तर रेग्युलेटर बंद कर, नाहीतर सरळ अंगणात ये. बाहेर आल्यावर अक्कांच्या घरून १९०६ लावायचा, गॅस गळतीसाठीचा तो नंबर मोठ्या अक्षरात अक्कांच्या भिंतीवर लावणार आहे. तेलुगूत अक्कांचा मुलगाच लिहून देतो म्हणाला.

समईचं काय करायचं ते आईशी बोलायला अवघड गेलं. देवघर हलवायचं नाही म्हणाली. मग तिनेच सुचवलं की समई सकाळी पूजेपुरती, ती समोर बसलेली असताना लावायची आणि उठताना शांत करायची. मी हो म्हटलं.

प्रतिसाद १ वाल्या दादा, शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसने येतेय, शनिवार-रविवार घरी आहे. मिक्सरच्या बोर्डापासून ओट्याच्या देवघराकडच्या टोकापर्यंत आईने टेपने मोजलं, नऊ फूट भरतंय. तयार अलार्मच्या वायरी मला पाच-सहा फुटांच्याच दिसताहेत. मधे जोड देऊन वाढवलेली चालेल, की अडॅप्टरपासून अखंड लांब वायरच करून घ्यावी? आणि ती पट्टी ओट्याच्या वरून न्यावी की कडेने खाली?