क्रूझवर एकाच कंपनीचा सातआठशेंचा ग्रुप आहे, आईबाबांना न्यावं का?

रेवा_कोथरूड

नमस्कार मंडळी, घाईत विचारतेय कारण उरलेले पैसे भरायची मुदत शुक्रवारी संपतेय. आईबाबांच्या लग्नाला यंदा ५० वर्षं होतायत म्हणून आम्ही दोघी बहिणींनी मिळून सिंगापूरहून निघणारी ४ रात्रींची क्रूझ बुक केलीये, पेनांग आणि फुकेत करून परत सिंगापूर. बाबा ७८ वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन चालतात आणि इन्सुलिन आहे त्यामुळे जेवण अर्धा तास जरी पुढे गेलं तरी त्रास होतो. आईचं फार काही मागणं नाही, रोज संध्याकाळी थिएटरमधला शो आणि डेकवर बसून समुद्र बघणं, बास.

काल एजंट बोलता बोलता सांगून गेला की त्याच फेरीला आपल्याकडच्या एका डायरेक्ट सेलिंगवाल्या (एजंटांमार्फत थेट माल विकणाऱ्या) कंपनीचे सातआठशे लोक येतायत, टार्गेट पूर्ण केल्याची बक्षिसाची ट्रिप आहे म्हणे. वर म्हणतो, मॅडम उलट मजा येईल, सगळे आपलेच लोक! माझ्या नणंदेने हे भोगलंय, दोन संध्याकाळी थिएटरच्या दारावर खासगी कार्यक्रमाची पाटी आणि हे लोक बाहेरून परत. कोणी असा मोठा ग्रुप असताना गेलंय का? नक्की काय काय बंद होतं? तारीख बदलली तर पैसे कापणार आहेत पण आईबाबांचा हिरमोड व्हायला नको हो, ५० वर्षं परत येत नाहीत.

वेंगुर्लेकर_दर्यावरचा

ताई, मी ११ वर्षं क्रूझवर डायनिंगला होतो, असिस्टंट वेटरपासून हेड वेटरपर्यंत, आता गावी असतो. घाबरू नका, पण एजंटच्या तोंडी बोलण्यावर पैसे भरू नका.

आधी हे समजून घ्या की पूर्ण चार्टर वेगळं आणि ग्रुप वेगळा. पूर्ण चार्टर म्हणजे अख्खं जहाजच एकाने घेतलेलं, जसं २०११ पासून अमेरिकेतल्या फ्लोरिडाहून हेवी मेटल म्युझिकवाल्यांची क्रूझ निघते, ७०००० टन्स ऑफ मेटल म्हणून, त्यात इतर पॅसेंजर नसतातच. तुमचं बुकिंग चालू आहे म्हणजे हे तसलं नाही. दुसरं टोक म्हणजे छोटे ग्रुप, पत्त्यांतला ब्रिज खेळणारे, कोरसवाले, ते तर आहेत हे कळतही नाही. बऱ्याच जहाजांवर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ असायची, 'बिल डब्ल्यूचे मित्र', अमुक वाजता तमुक खोलीत. मला पहिल्या कॉन्ट्रॅक्टला वाटायचं हा बिल कोण एवढा मोठा माणूस की प्रत्येक फेरीला त्याचे मित्र येतात, मग सिनियरने सांगितलं की दारू सोडलेल्या लोकांची ती बैठक, अल्कोहोलिक्स अनॉनिमस १९३५ ला अमेरिकेत बिल विल्सनने डॉक्टर बॉब स्मिथबरोबर सुरू केलं त्यांची. गाजावाजा नाही काही नाही, एका कोपऱ्यात तासभर बसतात आणि उठतात. माझ्या मनात त्या ओळीबद्दल फार आदर आहे.

तुमचा ग्रुप मधला, आणि त्रास होतो तो याच साइजचा. माणसं वाईट असतात म्हणून नाही, सगळे एकाच वेळी सुटतात म्हणून. साडेसहाला बक्षीस समारंभ संपला की सातशे लोक थिएटरातून थेट लिफ्टपाशी, मग सातला डायनिंगच्या दारात, रांग जिन्यावरून खालच्या डेकपर्यंत गेलेली मी बघितलीये आणि त्यात काठी घेऊन उभे आजोबा पण बघितलेत. पण ते आत समारंभात असतात तेव्हा तेच जहाज रिकामं असतं, पूल रिकामा, बफे रिकामा. म्हणून त्यांचं टाइमटेबल मिळवा. एवढ्या मोठ्या ग्रुपला थिएटर कधी दिलंय ते कंपनीच्या ग्रुप डेस्कला आधीपासून माहीत असतं, एजंटला सांगा ईमेलवर लेखी मागवून घे, पैसे भरायच्या आधी.

जेवणाचं असं करा, ठरलेल्या वेळेचं पहिलं सिटिंग मागा आणि दाराजवळचं टेबल. चढल्या चढल्या त्याच दुपारी डायनिंगच्या मॅनेजरला स्वतः जाऊन भेटा, बाबांचं इन्सुलिन सांगा. हे सांगितलेलं असलं ना की आम्ही बाकी टेबलं थांबवून त्या टेबलाला आधी सूप आणि ब्रेड द्यायचो. इन्सुलिनसाठी केबिनमधल्या मिनीबारवर विसंबू नका, तो कधीकधी नुसता थंडसर असतो, औषधाचा फ्रिज आणि सुया टाकायचा डबा बुकिंगच्या वेळीच लिहून मागायचा.

अनिकेत_ठाणे

माझं स्पष्ट मत, बदलता येत असेल तर तारीख बदला. आम्ही आईला घेऊन मुंबईहून दोन रात्रींची छोटी क्रूझ केली होती, जहाजाचं नाव घेत नाही, एका कंपनीच्या डीलर लोकांचा ग्रुप होता. आमची केबिन बरोब्बर पूल डेकच्या खाली. रात्री दोन वाजेपर्यंत डीजे, बेसचा आवाज छतातून नाही तर पलंगातून येतोय असं वाटायचं, साइड टेबलवरचा स्टीलचा ग्लास थरथरत सरकत होता. आई उठून बसली आणि म्हणाली, अरे मी लॉबीत जाऊन बसते. रिसेप्शनला दोनदा गेलो, केबिन शिल्लक नाही म्हणाले आणि डेक त्या ग्रुपने घेतलाय म्हणाले. पैसे आम्हीही भरले होते ना? ते अजून डोक्यातून जात नाही.

जाणारच असाल तर आधी डेक प्लॅन उघडा आणि केबिनच्या वर काय आहे ते बघा, खाली काय आहे ते पण. वर केबिन खाली केबिन अशी मधली जागा घ्या. आणि लिफ्टजवळ घ्या, पण अगदी लिफ्टला चिकटून नको.

अनघा_सिएटल

मी उलटा अनुभव सांगते. सिएटलहून ७ रात्रींची अलास्का केली, सासूबाई नाशिकहून आल्या होत्या. जहाजावर क्विल्ट शिवणाऱ्या बायकांचा ग्रुप होता, शंभरेक असतील, कॉन्फरन्स रूममध्ये ओळीने शिलाई मशीन मांडलेली. पहिल्या दिवशी जहाज नुसतंच समुद्रात असतं तेव्हा आई फिरत फिरत दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि आत एकीला दिसलं की यांची नजर कापडावरून हलत नाहीये, तिने हात धरून आत नेलं. आईंना इंग्रजी येत नाही, तिला मराठी येत नाही. आईंनी सुई घेतली आणि गोधडीला घालतो तसा धावदोरा घालून दाखवला, कडेने सुरू करून आत आत येत, बारीक आणि न आखता सरळ. दहा मिनिटांत आठ जणी भोवती, कोणी चष्मा लावून टाके मोजतंय. नऊवारी नेसलेल्या आजीने शिकवलेला टाका होता तो, आणि आई म्हणाल्या, आमच्याकडे जुन्या लुगड्यांची करतात, नवं कापड कोण कापतं गोधडीसाठी. मला भाषांतर करता करता रडायला आलं.

ग्लेशियर बे या अलास्कातल्या नॅशनल पार्कला तर त्या सगळ्या जणी मशीन सोडून डेकवर आल्या. तिथे दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं सोडतात आणि पार्कचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात. बर्फाचा कडा कोसळला की आधी दिसतं आणि गडगडाट मागून ऐकू येतो, तेव्हा त्यातल्याच एकीने आईंच्या खांद्यावर आपली शाल टाकली.

एकच अडचण झाली, पत्ते खेळायची खोली पूर्ण आठवडा त्यांच्याकडे होती आणि ह्यांच्या रमीला जागा नव्हती. तेवढं सोडलं तर ग्रुप कुठला आहे त्यावर खूप अवलंबून.

शुभांगीकाकू_सांगली

रेवा बाळ, मी ग्रुपमधल्या बाजूने बोलते. आम्ही महिला मंडळाच्या ४६ जणी गेलो होतो. रात्री मधल्या मोठ्या हॉलमध्ये सोफ्यांवर बसून अंताक्षरी सुरू केली, टाळ्या, टेबल वाजवणं, सगळं. समोर एक म्हाताऱ्या बाई पुस्तक वाचत होत्या, परदेशी. त्यांनी थोडा वेळ बघितलं, पुस्तकात खूण घातली, चष्मा काढून डब्यात ठेवला आणि उठून गेल्या. काही बोलल्या नाहीत. मला ते फार लागलं, त्यांची ती रोजची जागा होती. दुसऱ्या दिवशी आमच्या टूर मॅनेजरला सांगून एक बंद खोली मिळवली, मागितल्यावर मिळाली आणि पैसेही पडले नाहीत. मी त्या बाईंना जाऊन सॉरी म्हणाले, त्यांनी माझा हात हातात घेतला.

म्हणून सांगते, काही त्रास झाला तर ग्रुपचा जो प्रमुख असतो त्याला गाठून सांगा, बाबा आजारी आहेत म्हणावं. आपली माणसं ऐकतात गं, आधी त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

रेवा_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार, अनघा तुझं वाचून आईला फोन करून वाचून दाखवलं. एजंटकडून लेखी आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी २ ते ५ आणि तिसऱ्या रात्री पूर्ण थिएटर ग्रुपला दिलंय, बाकी तीन रात्री सगळ्यांसाठी शो आहे. जेवणाचं पावणेसहाचं सिटिंग मिळालं. आणि अनिकेत, आमची केबिन खरंच पूल डेकच्या खालीच होती!! बदलून दोन डेक खाली घेतली, थोडा फरक भरावा लागला पण ठीक. जातोय आम्ही. तिसऱ्या रात्री शो नाही तर केबिनच्या बाल्कनीतच आईबाबांना औक्षण करू असं ठरवलंय.

वेंगुर्लेकर_दर्यावरचा

छान झालं ताई, फक्त निरांजन पेटवू नका, जहाजावर मेणबत्तीसुद्धा चालत नाही, बॅटरीचा दिवा न्या. आणि फुकेतला बऱ्याचदा जहाज लांब नांगर टाकतं आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात, पहिल्या बोटी ग्रुपलाच जातात, बोट हलत असते, बाबांच्या गुडघ्याला ती पायरी जड जाईल. त्या दिवशी जहाजावरच राहिलात तरी चालेल, सगळा डेक तुमचा. पेनांगला मात्र नक्की उतरा, जहाज स्वेटनहॅम पिअरला थेट लागतं, जॉर्जटाऊन शहर समोरच. त्यांच्या बस निघून गेल्या की मग अर्ध्या तासाने खाली या, तोवर गँगवेवर (जहाजातून उतरायच्या शिडीवर) गर्दी नसते, बाबांना हवा तेवढा वेळ घेता येईल.