विषय: कोजागरी परसात, की हॉलमध्ये?

नमस्कार मंडळी,
यंदाची कोजागरी इथे कॅलिफोर्नियात आमच्याकडे ठरली आहे खरी, पण काल रात्री दोनला परसातल्या कॅमेऱ्यात माउंटन लायन (प्यूमा, इथलं मोठं रानमांजर) दिसला. कुंपणावर चढला, बसला, निघून गेला. चाळीस माणसं येणार, त्यात निम्मी पोरं. त्याला पिंजऱ्यात पकडून लांबच्या डोंगरात सोडा, असा अर्ज मंडळातर्फे करूया का? सह्या हव्यात.
– आगोऱ्याची वहिनी

वहिनी,
रागावू नका, पण माझी सही मिळणार नाही. मी जुन्नरचा. 2001 पासून आमच्याकडे हाच उद्योग झाला. बिबट्या दिसला की पिंजरा, मग दुसऱ्या जंगलात सोडून मोकळे. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात आकडा आहे: माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, ते 17 वर गेले. परक्या मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं, आणि इकडे मोकळ्या झालेल्या जागेत दुसरं येतं.

आणि इथे सोडणार कुठे? लॉस एंजेलिसमधल्या ग्रिफिथ पार्कचा माउंटन लायन पी-22 आठवा. 405 आणि 101 हे दोन्ही फ्रीवे ओलांडून आला नि दहा वर्षं जेमतेम 9 चौरस मैलांत एकटा राहिला. एरवी एका नराला दीडशे लागतात. जोडीण काही मिळाली नाही. 2014 मध्ये त्याला खरूज झाली, रक्तात उंदीर मारायचं विष निघालं. असलं विष आपल्या गराजाबाहेर उंदरांसाठी ठेवतात तसल्या काळ्या डब्यांतूनही पसरतं.

शिवाय वहिनी, तुम्ही मागे येणाऱ्या हरणांना गाजरं घालता, हे अख्ख्या मंडळाला ठाऊक आहे. गाजरांमागे हरणं, हरणांमागे तो! (कॅलिफोर्नियात हरणांना खायला घालणं बेकायदा आहे, हे हळूच सांगतो.)
– जुन्नरकर काका

काका,
गाजरांचं पटलं. पण मार्च 2024 मध्ये इथल्याच एल डोराडो काउंटीत माउंटन लायनच्या हल्ल्यात 21 वर्षांचा मुलगा गेला, बरोबरचा भाऊ जखमी झाला. आणि जुन्नर-शिरूरला तर अजूनही माणसं जातात. माझी धाकटी चार वर्षांची आहे.
– जुळ्यांची नि धाकटीची आई

ताई,
खरं आहे. इथला तो वीस वर्षांतला पहिला बळी, पण त्या घरात आकडा सांगून काय उपयोग? म्हणून पोरं मोठ्यांच्या मधोमध बसवा, कुंपणाकडे एकटं कुणी जायचं नाही. दिसलाच तर पळायचं नाही, वाकायचं नाही. धाकटीला उचलून घ्या, नजर त्याच्यावर ठेवा, हात वर करून ओरडा. अंगावर आलाच तर हाती लागेल त्याने हाणा. गावाकडे रात्री पाणी द्यायला जाताना मोबाइलवर गाणी लावतात. इथे मी स्वतः गाईन, माझ्या गळ्याचा कधी नव्हे तो उपयोग होईल.
– काका

मंडळी,
गाजरं बंद. विषाचे डबे ठेवणाऱ्याला फोन केला, शुक्रवारी उचलून नेतोय. कोजागरी परसातच. येताना 101 वर लिबर्टी कॅन्यनपाशी मान वर करा, दहा लेनवरचा तो पूल या माउंटन लायनसारख्या प्राण्यांना रस्ता ओलांडता यावा म्हणूनच आहे. दूध आटवायला दोघं जण लवकर या. काकांनी गाणं मात्र बाराच्या आत संपवावं, शेजारी तक्रार करतात.
– वहिनी