जठराच्या कर्करोगात हर-२ (पेशीच्या पटलावरचा वाढीचा रिसेप्टर) चा डाग २+ धरायचा की १+? आणि बाकीचे रिसेप्टर उपचारात मागे का पडले?

स्लाइडवाचक:
जठराच्या ॲडिनोकार्सिनोमाची एंडोस्कोपी बायोप्सी आहे. हर-२ च्या इम्युनो स्टेनमध्ये (प्रतिपिंडानं प्रथिन रंगवणारी चाचणी) पेशींच्या बाजूंना आणि तळाला मध्यम डाग दिसतो, पोकळीकडच्या कडेला काहीच नाही. तोही एकाच तुकड्यातल्या छोट्या पुंजक्यात. स्तनाच्या कर्करोगाच्या निकषांनी याला २+ (० ते ३+ या मोजपट्टीवर) म्हणता येत नाही. जठराला काय लावायचं? दुसरं म्हणजे, ईजीएफआर आणि मेट हे रिसेप्टरही या गाठींवर भरपूर सापडतात. मग त्यांच्यावरची औषधं का चालली नाहीत?

ब्लॉक_आणि_डाग:
स्तनाचे निकष इथे लावूच नका, त्यानं पॉझिटिव्ह रुग्ण हातचे जातात. ग्रंथी तयार करणाऱ्या जठरातल्या पेशींमध्ये पोकळीकडची बाजू बहुधा डाग घेत नाही, त्यामुळे इंग्रजी 'यू'च्या आकाराचा अर्धवट डागही मोजायचा. पूर्ण कडं लागत नाही. बायोप्सीत एकमेकींना चिकटलेल्या किमान ५ कर्कपेशी रंगल्या की पुरे. १० टक्क्यांची अट शस्त्रक्रियेत काढलेल्या जठराला आहे.

१+ की २+ हा वाद ऑब्जेक्टिव्ह बदलून सोडवा. पटलावरचा डाग २.५ किंवा ५ वर स्पष्ट दिसला तर ३+. १० किंवा २० लावल्यावर दिसला तर २+. ४० शिवाय दिसतच नसेल तर १+. तुमच्या वर्णनावरून २+ वाटतं, म्हणजे फिश (जनुकाच्या प्रती मोजणारी चाचणी) करायलाच हवं. हर-२ आणि १७ व्या गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरचं प्रमाण २ किंवा जास्त आलं की पॉझिटिव्ह.

फिशला पाठवताना रंगलेला पुंजका इम्युनोच्या स्लाइडवर पेनानं घेरून द्या. या रोगात एकाच गाठीत पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह भाग शेजारी असतात. मोजणाऱ्यानं भलत्याच भागातल्या २० पेशी मोजल्या तर खरा पॉझिटिव्ह निगेटिव्ह होऊन परत येतो. आतड्यासारख्या बदललेल्या श्लेष्मल ग्रंथी, चेपलेल्या कडा आणि केंद्रकातला डाग मोजणीत धरू नका. ऊतक तासाभरात १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये पडलं होतं का आणि ६ ते ७२ तास राहिलं का, हेही विचारा. एंडोस्कोपी करणाऱ्यांकडून ६ ते ८ तुकडे मागा, निदान ५ तरी. दोन तुकड्यांवरच्या निगेटिव्ह रिपोर्टवर माझा विश्वास बसत नाही.

रेणूशास्त्र:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. रिसेप्टर पेशीवर असणं वेगळं आणि पेशी त्याच्यावर अवलंबून असणं वेगळं. हर-२ ला स्वतःचा माहीत असलेला लिगँड (रिसेप्टरला चिकटून तो चालू करणारा रेणू) नाही. त्याची रचना कायम जोडी जमवायला मोकळी असते. १७ व्या गुणसूत्रावरच्या जनुकाच्या प्रती वाढल्या की पटलावर त्याची गर्दी होते, हर-३ शी जोड्या जमतात आणि पीआय३के–एकेटी व रास–मॅप काइनेज हे वाढीचे संदेशमार्ग लिगँडशिवायच चालू राहतात. अशा गाठीत तो रिसेप्टर रोखला की फरक पडतो. २०१० च्या टोगा चाचणीत केमोला हर-२ रोखणाऱ्या ट्रॅस्टुझुमॅबची जोड दिल्यावर मध्य आयुर्मान ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेलं. डाग ३+, किंवा २+ सोबत फिश पॉझिटिव्ह, अशा गटात ११.८ वरून १६ वर.

ईजीएफआरच्या एक्सपँड (सेटुक्सिमॅब) आणि रिअल३ (पॅनिटुमुमॅब) चाचण्यांत रुग्ण निवडलेच नव्हते, आणि दोन्ही फसल्या. मेटच्या लिगँडला अडवणाऱ्या रिलोटुमुमॅबसाठी डाग पाहून निवड केली, तरी औषधाच्या गटात मृत्यू जास्त झाल्यानं चाचणी थांबवावी लागली. मेटचा डाग अनेकांत दिसतो, पण जनुकाच्या प्रती वाढलेले रुग्ण थोडेच. व्हीईजीएफआर-२ (रक्तवाहिन्यांच्या वाढीचा रिसेप्टर) ची गोष्ट निराळी: रॅमुसिरुमॅबचं लक्ष्य गाठीच्या रक्तवाहिन्यांवर असतं, म्हणून ते देण्याआधी गाठीची चाचणी लागत नाही.

स्लाइडवाचक:
ऑब्जेक्टिव्हचा नियम लावला, १० वर दिसतंय. पुंजका घेरून फिशला पाठवतो. ट्रॅस्टुझुमॅबनंतर रोग वाढला तर जुन्याच ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या पहिल्या ऊतकावर) निर्णय चालतो का?

मात्रा_आणि_चक्र:
शक्य असेल तिथे नव्यानं बायोप्सी घ्या. ट्रॅस्टुझुमॅबनंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांत हर-२ नाहीसा होतो; औषधानं पॉझिटिव्ह पेशी मारल्या, निगेटिव्ह उरून वाढल्या. डेस्टिनी-गॅस्ट्रिक०४ चाचणीत नव्या बायोप्सीवर पॉझिटिव्ह असलेलेच घेतले. त्यांत ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकॅनवर (ट्रॅस्टुझुमॅबला केमोचा रेणू जोडलेलं औषध) मध्य आयुर्मान १४.७ महिने, रॅमुसिरुमॅब-पॅक्लिटॅक्सेलवर ११.४.

मात्रेत गोंधळ होतो तो इथे. जठरासाठी डेरुक्सटेकॅन किलोमागे ६.४ मिलिग्रॅम दर ३ आठवड्यांनी, स्तनासाठी ५.४. ट्रॅस्टुझुमॅब एम्टान्सिन हे वेगळंच औषध. ते स्तनासाठी किलोमागे ३.६, आणि जठराच्या गॅट्सबी चाचणीत टॅक्सेन गटातल्या केमोपेक्षा सरस ठरलं नाही. साधं ट्रॅस्टुझुमॅब पहिल्यांदा किलोमागे ८, नंतर ६. ऑर्डरवर पूर्ण नाव लिहा, नुसतं 'ट्रॅस्टुझुमॅब' नको. डेरुक्सटेकॅनवर कोरडा खोकला, ताप किंवा धाप दिसली की पुढची मात्रा थांबवून छातीचा सीटी. फुप्फुसदाह फक्त सीटीत दिसत असेल तर तो पूर्ण जाईपर्यंत औषध बंद; लक्षणं असतील तर कायमचं बंद आणि लगेच स्टिरॉइड. हृदयाची इको सुरुवातीला आणि दर ३ महिन्यांनी.

ब्लॉक_आणि_डाग:
एक राहिलं. हर-२, पीडी-एल१ (इम्युनोथेरपी ठरवण्यासाठी), एमएमआर (डीएनए-दुरुस्तीची प्रथिनं) आणि क्लॉडिन १८.२ साठी कोरे काप एकाच बैठकीत काढून ठेवा (क्लॉडिन रिसेप्टर नव्हे, पेशींमधल्या सांध्याचं प्रथिन, पण औषध निघाल्यामुळे ते विचारलं जातं). दर वेळी ब्लॉक नव्यानं लावला की सपाट करण्यातच ऊतक जातं, आणि तुमच्या स्लाइडवरचा तो छोटा पुंजका तर पहिल्या एकदोन खेपेतच संपेल.